तोब्रुकहून परतलेले तात्या

सातारा जिल्ह्यातील एका कुटुंबाला वडिलांच्या नोकरीविषयी एवढेच ठाऊक होते, की लढाईच्या काळात ते 'मराठ्यात' होते आणि परतल्यावर मुंबईला गिरणीत लागले. तात्या त्यावर कधी बोलले नाहीत. त्यांच्या पश्चात ट्रंकेत डिस्चार्जचा कागद, काही पदके आणि इटलीतून आलेले युद्धकैद्याचे एक छापील पोस्टकार्ड निघाले.

पदकांच्या फिती वाचता येतात. वाळूच्या रंगावर मधोमध रुंद लाल पट्टा आणि दोन बाजूंना बारीक निळे पट्टे असलेली फीत 'आफ्रिका स्टार'ची. हिरवी-पांढरी-लाल 'इटली स्टार'ची. तात्यांकडे पहिले पदक होते, दुसरे नव्हते. म्हणजे ते लढले आफ्रिकेत आणि इटलीत पोहोचले ते कैदी म्हणून. कागदावर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण नोंदलेली होती. तिथे दुवा जुळला.

20 जून 1942 रोजी रोमेलने तोब्रुकवर आग्नेयेकडून हल्ला चढवला. त्या बाजूला अकरावी हिंदी ब्रिगेड होती आणि पहिला तडाखा याच पलटणीच्या मोर्चांवर बसला. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडले. सुमारे 33,000 सैनिक कैद झाले.

"तात्या शरण का गेले?" हा थोरल्या मुलाचा प्रश्न. त्याचे उत्तर सरळ आहे: शरणागतीचा निर्णय तोब्रुकचा सेनापती जनरल क्लॉपर याचा होता, शिपायाचा नव्हे.

मौनाचे कारण मात्र अधिक गुंतागुंतीचे असावे. युरोपातील हिंदी कैद्यांमधून सुभाषबाबूंच्या जर्मनीतील सैन्यदलात सुमारे 3,000 जण गेले. बहुसंख्य गेले नाहीत. त्यांना सरसकट इंग्रजांचे भक्त म्हणणे अन्यायाचे आहे. पलटणीची शपथ होती, सोबती होते, घर पगारावर चालत होते. स्वातंत्र्यानंतर आझाद हिंदच्या सैनिकांच्या वाट्याला लोकांचे प्रेम आले. यशवंत घाडगे, नामदेव जाधव यांची नावे व्हिक्टोरिया क्रॉसमुळे राहिली. तारेच्या कुंपणाआड वर्षे काढलेल्या शिपायाने गावच्या पारावर सांगायचे काय?

आपल्याही घरी अशी ट्रंक असेल, तर पदके फितींपासून वेगळी करू नका आणि कागद रद्दीत घालू नका. शिपायाचा नंबर आणि पलटण एवढे हाती असले, तरी शोध सुरू करता येतो.