'स्वामी': काका-पुतण्याच्या नात्यात निष्ठा आणि संशय एकत्र कसे नांदले?

रणजित देसाई यांची 'स्वामी' ही कादंबरी १९६२ साली आली. १९६४ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अनेकांना ती माधवराव आणि रमाबाई यांच्यामुळे आठवते. पण माधवरावांना आयुष्यभर पुरून उरलेला पेच घरातलाच होता: काका राघोबादादा.

वादाचं मूळ काय?

जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावर विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ गेले. त्या धक्क्यातून नानासाहेब सावरले नाहीत आणि जूनमध्ये त्यांचंही निधन झालं. पेशवाईची वस्त्रं १६ वर्षांच्या माधवरावांना मिळाली. राघोबादादा वडीलधारे, लढायांचा दांडगा अनुभव असलेले. कारभार आपल्याच हाती राहील, असं त्यांनी गृहीत धरलं. पुतण्याला मात्र नावापुरतं पेशवेपद नको होतं.

लढाई सोडून शरण का गेले?

१७६२ मध्ये काका-पुतण्याच्या फौजा समोरासमोर आल्या. राघोबादादांनी निजामाची मदत घेतली होती. आळेगावला माधवराव स्वतःहून काकांच्या स्वाधीन झाले. घरातलं भांडण लांबलं तर फायदा निजामाचा होणार, हे त्यांनी ओळखलं होतं. पुढच्याच वर्षी, १० ऑगस्ट १७६३ रोजी, राक्षसभुवनला दोघांनी मिळून त्याच निजामाच्या फौजेचा पराभव केला.

मग काकांना कैद का केलं?

राघोबादादांची वाटणीची मागणी थांबली नाही. घरातली मिळकत वाटता येते, राज्य नाही, ही माधवरावांची भूमिका होती. अखेर १७६८ मध्ये धोडपच्या लढाईत राघोबादादा हरले आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवण्यात आलं. म्हणजे आळेगावला जो पुतण्या राज्यासाठी काकांपुढे वाकला, त्यानेच धोडपनंतर राज्यासाठी काकांना कोंडलं. दोन्ही निर्णयांमागचं कारण एकच होतं.

संशय खरा ठरला का?

क्षयाने खंगलेल्या माधवरावांनी १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला देह ठेवला. वय अवघं २७. मृत्यूपूर्वी त्यांनी धाकटा भाऊ नारायणराव याला राघोबादादांच्याच हाती सोपवलं होतं. ज्या माणसावर उभ्या हयातीत विसंबता आलं नाही, शेवटी त्याच्यावरच भरवसा टाकावा लागला. घरात दुसरं वडीलधारं पुरुषमाणूस उरलंच नव्हतं.

नऊ महिन्यांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादांना दोषी ठरवलं.

कादंबरी थेऊरलाच संपते. पण मराठी वाचकाला पुढचं ठाऊक असतं. म्हणूनच मरणाच्या दारात माधवरावांनी काकांवर टाकलेला तो विश्वास वाचताना जीव कासावीस होतो.