साते, मुक्काम पिंपळनेर

संध्याकाळचे सहा वाजलेत. खान्देशातल्या पिंपळनेरच्या घरामागच्या ओट्यावर तुम्ही पाट्यापुढे मांडी घालून बसला आहात. परातीत कोंबडीच्या मांडीचे बिनहाडाचे, बोटाएवढे तुकडे दुपारपासून मुरताहेत. त्यांना लावलंय हळद, धणे-जिऱ्याची पूड, लसूण, थोडा गूळ आणि परसातल्या गवती चहाच्या बुडख्यांचा ठेचा. बांबूच्या काड्या अर्ध्या तासापासून पाण्यात आहेत. कोरड्या राहिल्या तर निखाऱ्यावर मांसाच्या आधी काडीच जळून जाते. जावा आणि मदुरा बेटांवरचं साते आज तुमच्या अंगणात व्हायचंय. राहिलीय फक्त शेंगदाण्याची चटणी. पण साते म्हणजे निम्मं तीच, म्हणून तिला घाई नको.

शेंगदाणे खापरावर मंद आचेवर भाजा. दाण्यावर तांबूस ठिपके उमटले, साल आपणहून सुटू लागलं की उतरवा, तळहातांत चोळा, सुपात पाखडा. आता पाट्यावर घ्या. वरवंटा पुढे ढकला, मागे ओढा. आधी कुरकुर आवाज येतो. मग दाणा भरडला जातो, आवाज मऊ होतो आणि दगडाच्या कडेला तेलाची पहिली चकाकी दिसते. तो वास नाकात शिरला की डोळे मिटा.

उघडाल तेव्हा फेब्रुवारी 2006 असेल. ओटा तोच, पण कोपऱ्यातलं खुराडं रिकामं आहे. घरातल्या टीव्हीवर सारखं नवापूर दिसतंय. पलीकडच्या नंदुरबार जिल्ह्यातलं, आपल्या रोजच्या बोलण्यातलं नवापूर आज सगळा देश बघतोय. 18 तारखेला तिथं बर्ड फ्लू जाहीर झालाय, भारतात पहिल्यांदाच. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसं शेडमध्ये शिरताहेत, खड्डे खणले जाताहेत. लाखो कोंबड्या गेल्या. ज्यांनी पक्षी पिलापासून वाढवले, त्यांचे चेहरे कॅमेऱ्यापुढे नुसते गप्प आहेत. कोंबडीचं नाव काढलं तरी लोक चार पावलं मागे सरकतात.

चुलीवर मात्र पातेलं आहे. माय त्यात शेंगदाण्याची आमटी ढवळतेय. तिखट, लालभडक, वर तेलाचा तवंग. कोंबडी नाही, पण तिच्या रश्श्याला जे वाटण लागायचं ते आहेच. भाकरी कुस्करून तुम्ही जेवता, आणि खान्देशात शेंगदाण्यानं घर कसं सांभाळलंय ते जिभेला कळतं. मला विचाराल तर साते शिकायच्या आधी ही आमटी शिकावी.

वरवंटा आणखी ओढा.

आश्विनातलं ऊन. साल 1981. पांझरा नदीच्या काठचं शेत आहे, फडातलं, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावानं वाटून घेतलेल्या पट्ट्यातलं. कुठल्या फडाला केव्हा पाणी मिळायचं ते ठरलेलं आहे. पाटकऱ्यानं काल बारी दिली म्हणून माती आज ओलसर आहे. आप्पा तुमच्या पुढच्या ओळीत वाकलेत. तुम्हीही वाका. भुईमुगाचं झाड बुडाशी धरा, जरा हलवा, आणि उपटा. मुळांसकट सगळा झुबका हातात येतो; मातीनं माखलेल्या शेंगा एकमेकींना चिकटून लोंबताहेत. पिवळं फूल वर उमलतं, मग त्याच्यापासून निघालेल्या आऱ्या जमिनीत घुसतात आणि शेंग अंधारात भरते. हे तुम्ही शाळेत वाचलंय, पण आऱ्या बोटांनी चाचपून बघा. त्या सुतळीसारख्या चिवट आहेत.

"हाई जळगावनं बी शे," आप्पा मान वर न करता सांगतात. "नव्वद दिनमा निंघस."

ते बी म्हणजे जेएल 24, फुले प्रगती. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रात तैवानहून आलेल्या वाणातून निवडलेलं, उपट्या जातीचं. पसऱ्या भुईमुगासारखी जमीन खणत बसायला नको, आणि पाऊस लवकर उघडला तरी पीक हातात. पुढे हेच वाण आफ्रिकेत जाईल, मलावीतले शेतकरी त्याला काकोमा म्हणतील. आप्पांना ते ठाऊक नाही. ते एक शेंग अंगठ्यानं दाबून फोडतात, दाण्याचा गुलाबी रंग बघतात आणि तुमच्या हातावर ठेवतात. चावून बघा. दुधाळ, गोडसर, जिभेवर मातीची किंचित कुरकुर. बांधावर वाळलेल्या काट्याकुट्यांचा जाळ करून त्यात शेंगा टाकल्यात. टरफलं काळी पडली की राखेतून वेचायच्या. बोटं भाजतात, तरी कुणी थांबत नाही.

रात्री पाहुणे आहेत म्हणून कोंबडी कापलीय. पाट्यावर मोठी माय बसलीय. भाजलेलं सुकं खोबरं, लसूण, मिरच्या, आणि मूठभर नवे शेंगदाणे. तुम्ही मदतीला म्हणून वरवंटा हातात घेता आणि जोर लावून गुळगुळीत वाटायला लागता. ती तुमचं मनगट धरते.

"जाड ऱ्हाऊ दे. बारीक वाटशी ते चव जाई."

नीट ऐका. तुमच्या सातेच्या चटणीत तिच्या वाटणापेक्षा काय जास्त आहे? चिंच, गूळ, नारळाचं दूध. बाकी सगळं तिच्या पाट्यावर तयार आहे. म्हणून बाजारातली लोण्यासारखी पीनट बटरची बाटली या चटणीसाठी उघडू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तिच्यात दाणा दाताखाली येत नाही.

अजून मागे जायचंच असेल तर एकच झटका. 1550 च्या सुमाराला खान्देशात फारुकी राज्य आहे. चुलीवर कोंबडी शिजतेय, पण पाट्यावर शेंगदाणे नाहीत, मिरचीही नाही. अमेरिका खंडांतले हे दोन्ही जिन्नस अजून या गावात पोचायचेत. पाट्यावर तीळ आहेत, खुरासणी आहे, तिखटाला काळी मिरी. रस्सा करडा दिसतो. चाखून बघा, वाईट नाही. पण तुमचा हात सवयीनं मिरचीचा डबा शोधतो आणि सापडत नाही.

परत या, निखारे विझतील.

कढईत तेल तापवा. लसूण-मिरचीचा ठेचा परता, त्यात जाडसर शेंगदाणे घाला. ओल्या नारळाची इथं चैन नाही. सुकं खोबरं किसून गरम पाण्यात भिजवा, फडक्यातून पिळा, ते दूध ओता. चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, मीठ. मंद आचेवर कडेनं तेल सुटेपर्यंत ढवळत राहा. काड्यांवर तुकडे गच्च ओवा, दोन तुकड्यांत फट राहिली तर तिथं काडी करपते. बाभळीच्या निखाऱ्यावर ठेवा, तीन-चार मिनिटांनी उलटा, तेल लावा. गूळ जळून कडा काळसर झाल्या पाहिजेत. त्या कडांसाठीच हा सगळा खटाटोप.

शेजारची पोरं वासानं आलीत. एकेकाच्या हातात काडी द्या, सोबत कळण्याच्या भाकरीचा तुकडा. सगळ्यात धाकटा चटणीत काडी बुडवतो, चाटतो, पुन्हा बुडवतो. भांडं पाच मिनिटांत कोरडं.

"चटणी आखो शे का?"

आहे. पाट्याच्या कडेला चिकटलेली तेवढी. बोटानं निपटून त्याच्या भाकरीवर लावा.