डोंगरकऱ्यांचा किल्ट

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातला जुना किल्ट शिवलेला नसे. लोकरीचे लांबलचक वस्त्र चुण्या घालून कमरेला पट्ट्याने आवळायचे, उरलेले खांद्यावर टाकायचे. वाटेत रात्र झाली की पट्टा सोडून त्यातच गुरफटून निजायचे. मला आपल्या धनगरांची घोंगडीच आठवते!

१७४५ च्या बंडानंतर, १७४६ साली, लंडनच्या पार्लमेंटने त्यावर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, पुढच्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. पलटणीत शिरणाऱ्याला मात्र मुभा, धूर्तपणा पाहा! १७८२ साली बंदी उठली, तोवर एक पिढी विजारीत वाढली होती.

१८२२ साली चौथा जॉर्ज एडिंबरोच्या दरबारात किल्ट घालून मिरवला. तो शिंप्याने बेतलेला. रात्री पांघरावा तर पाय उघडे पडावेत.