१४. रास्टर, व्हेक्टर
संगणकीय नकाशातील माहितीची दोन रूपे. रास्टर म्हणजे सारख्या चौकोनांची जाळी, प्रत्येक चौकोनात एक मूल्य. उपग्रहचित्रे अशीच असतात. भारतीय रिसोर्ससॅट उपग्रहाच्या लिस-३ चित्रात चौकोनाची बाजू जमिनीवर सुमारे २३.५ मीटर भरते. व्हेक्टरमध्ये बिंदू, रेषा व बहुभुज असतात: सेलू स्थानक बिंदू, मनमाड–परभणी लोहमार्ग रेषा, शेताचा गट बहुभुज. प्रत्येकाला नाव, गट क्रमांक, क्षेत्र अशा नोंदी जोडता येतात. निम्न दुधना जलाशयाचा पसारा चित्रावरून दिसतो. पण पाण्याखाली कोणाचा गट गेला, हे व्हेक्टर थर त्यावर ठेवल्याशिवाय कळत नाही, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्व त्यालाच. लेखक दोन्हींना सरसकट ‘नकाशा’ म्हणतात. येथे गटांचा व्हेक्टर थर अभिप्रेत आहे. — संपा.