‘एकदम फॅसिस्ट’ दिसणारी अक्षरं

१९७६ साली लॉस एंजेलिसमधल्या एका जाहिरात संस्थेची तरुण कलादिग्दर्शक सूझी राइस जॉर्ज लुकसला भेटायला गेली. काम तसं किरकोळ होतं. एका येऊ घातलेल्या चित्रपटाची माहिती देणारी पुस्तिका तयार करून थिएटरमालकांना वाटायची होती. चित्रपटाचं नाव ‘स्टार वॉर्स’. लुकसचं म्हणणं असं की, शीर्षकाची अक्षरं पाहून माणूस दबला पाहिजे. राइसने पुढे सांगितलं त्यानुसार त्याचा शब्दप्रयोग होता, ‘एकदम फॅसिस्ट’.

योगायोगाने राइस तेव्हा जर्मन अक्षररचनेबद्दलचं पुस्तक वाचत होती. तिने निवडला हेल्वेटिका ब्लॅक हा टाइप, त्याची नुसती बाह्यरेषा ठेवली आणि अक्षरांत हवे ते बदल केले. आता यातली गंमत पाहा. हेल्वेटिका १९५७ सालचा आणि स्वित्झर्लंडचा. युद्धानंतरच्या युरोपात कुठलीच बाजू न घेणारं, निर्विकार अक्षर म्हणून त्याची ख्याती. याउलट नाझी राजवटीची सुरुवातीची वर्षं ज्या अक्षरांनी भरलेली दिसतात ते फ्राक्टुर म्हणजे टोकदार, मोडक्या वळणांचं, मध्ययुगीन हस्तलिखितांची आठवण करून देणारं वळण. ते ‘अस्सल जर्मन’ म्हणून मिरवलं गेलं. मग ३ जानेवारी १९४१ रोजी मार्टिन बोरमानने परिपत्रक काढून ही अक्षरं ज्यूंची असल्याचं जाहीर केलं आणि ती बंद करायला लावली. जिंकलेल्या मुलखातल्या लोकांना ती वाचता येत नसत, ही व्यवहारी अडचण होतीच. (त्या परिपत्रकाच्या माथ्यावर पक्षाचं नाव छापलं होतं तेही फ्राक्टुरमध्येच! हुकूमशहांच्या कचेरीतही जुनी स्टेशनरी संपवावी लागत असावी.)

म्हणजे अक्षरात फॅसिझम असतो कुठे? माझ्या मते राइसने जे पकडलं ते ऐतिहासिक वळण नव्हतंच. तिने पकडली संचलनाची आठवण: सारख्या जाडीच्या, खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या, मध्ये हवा न सोडणाऱ्या रांगा. १९७६च्या अमेरिकी प्रेक्षकाला फॅसिझम माहीत होता तो मुख्यतः जुन्या वार्तापटांतून, आणि त्या वार्तापटांतलं डोळ्यांत राहणारं दृश्य म्हणजे रांगाच.

पहिला आराखडा पाहून लुकसला तो ‘टार वॉर्स’ असा वाचला जाईलसं वाटलं. मग राइसने वरच्या ओळीत एस आणि टी, तर खालच्या ओळीत आर आणि एस एकमेकांना जोडून टाकले. देवनागरी वाचणाऱ्याला यात धाडस ते काय, असं वाटेल. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकूनच जन्माला येतात. पण रोमन मोठी अक्षरं सुटी उभी राहतात. ती सांधली की शब्दाचा एकसंध ठोकळा होतो, आणि तो पडद्यावर लांब लांब जाताना एखादी वस्तू दूर जातेय असं वाटतं. कमल शेडग्यांनी रेखलेल्या नाटकांच्या जाहिराती पाहत वाढलेल्या वाचकाला हे फार समजावून सांगायला नको.

खरं तर चित्रपटाच्या शीर्षकांचं काम डॅन पेरीकडे होतं. ‘टॅक्सी ड्रायव्हर’ची शीर्षकं त्याचीच. त्याला प्रेरणा मिळाली सेसिल बी. डमिलच्या १९३९च्या ‘युनियन पॅसिफिक’मधून, ज्यात नावं रेल्वेच्या रुळांवरून दूर सरकत जातात. लुकसला स्वतःला १९३०च्या दशकातल्या ‘फ्लॅश गॉर्डन’च्या मालिकापटांचं वेड होतंच. त्यातून ती सुप्रसिद्ध तिरकी सरकती मजकुराची पट्टी आली. पेरीने त्याच तिरकेपणात बसणारं, ताऱ्यांनी भरलेलं नावही केलं. प्रदर्शनापूर्वीच्या छापील जाहिरातींत ते वापरलं गेलं, पण निर्माता गॅरी कर्ट्झने पडद्यासाठी पुस्तिकेवरचं राइसचं नाव उचललं. फक्त तिच्या डब्ल्यूची टोकं अणकुचीदार होती, ती सपाट केली गेली. २५ मे १९७७ला चित्रपट आला. शेवटच्या श्रेयनामावलीत ‘शीर्षकं’ या सदरात नाव आहे ते डॅन पेरीचं.

कल्पित जग कुणीच पाहिलेलं नसतं, म्हणून त्याची अक्षरं कुठल्या तरी पाहिलेल्या जगातून आणावी लागतात, आणि बहुतेकदा ती दुसऱ्याच कामासाठी काढलेली असतात. हॅरी पॉटरच्या नावातला विजेच्या आकाराचा पी हा सिनेमावाल्यांचा नव्हे. तो १९९८च्या अमेरिकी आवृत्तीच्या मुखपृष्ठासाठी मेरी ग्रँडप्रे या चित्रकर्तीने काढलेल्या अक्षरांतून आला.

सगळ्यांत बोलकं उदाहरण मात्र पपायरसचं. १९८२ साली ख्रिस कॉस्टेलो या २३ वर्षांच्या तरुणाने खरबरीत कागदावर कॅलिग्राफीच्या पेनाने ही अक्षरं हाताने काढली. दोन हजार वर्षांपूर्वी पपायरसवर इंग्रजी लिहिली असती तर कशी दिसली असती, ही त्याची कल्पना. लेट्रासेट कंपनीने ती घेतली, त्याबद्दल त्याला ७५० डॉलर मिळाले. पुढे संगणकांसोबत ती फुकट येऊ लागली आणि जगभरच्या योगवर्गांच्या, वनौषधी चहाच्या, मसाज पार्लरांच्या पाट्यांवर चढली. ‘प्राचीन’, ‘पौर्वात्य’, ‘निसर्गाजवळचं’ असं काहीही सांगायचं असेल तर पपायरस. इजिप्त, भारत, चीन सगळं एकाच पोत्यात.

२००९ साली ‘अवतार’ आला. त्यातल्या नावी लोकांसाठी पॉल फ्रॉमर या भाषाशास्त्रज्ञाकडून व्याकरणासह स्वतंत्र भाषा घडवून घेतली होती. चित्रपटाचं नाव मात्र पपायरसमध्ये, किंचित फेरफार करून, आणि त्या मेहनतीने घडवलेल्या भाषेची उपशीर्षकंही पपायरसमध्येच! २०१७ साली ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ने यावर एक प्रहसन केलं. रायन गॉस्लिंगने त्यात या एका फाँटपायी झोप उडालेल्या माणसाचं काम केलं आहे. लोक हसले ते डिझायनरच्या आळसाला. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पँडोराच्या मूळ रहिवाशांचं शोषण होतंय हे सांगायला तीन तास घेणाऱ्या चित्रपटाने त्यांना बोलायला लावलं ते वनौषधी चहाच्या खोक्यावरच्या अक्षरांत.