त्रिनिदाद व टोबॅगो : भूगोल

कॅरिबियन समुद्राच्या आग्नेय टोकाला, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यालगत वसलेले द्वीपराष्ट्र. क्षेत्रफळ ५,१२८ चौ. किमी.; पैकी त्रिनिदाद सु. ४,८०० व टोबॅगो सु. ३०० चौ. किमी. राजधानी पोर्ट ऑफ स्पेन. नकाशावर हा देश लेसर अँटिलीस द्वीपमालेचे दक्षिण टोक वाटतो. पण भूरचनेने त्रिनिदाद हा दक्षिण अमेरिका खंडाचाच तुटलेला तुकडा आहे. शेवटच्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी चढली आणि खंडाशी जोडणारी सखल भूमी पाण्याखाली गेली. म्हणूनच लाल हाउलर व कॅपुचिन माकडांसारखे खंडावरचे प्राणी येथील रानात आढळतात. खंड आणि बेट यांमध्ये आता पारियाचे आखात आहे. त्याचे उत्तरेचे मुख ‘ड्रॅगन्स माउथ्स’ व दक्षिणेचे ‘सर्पंट्स माउथ’ म्हणून ओळखले जाते.

त्रिनिदादची भूरचना : बेटावर साधारणपणे पूर्व-पश्चिम पसरलेल्या तीन डोंगररांगा आहेत. उत्तर रांग सर्वांत उंच असून एल सेरो देल अरिपो (९४० मी.) हे देशातील सर्वोच्च शिखर तिच्यातच येते. तिचे रूपांतरित खडक व्हेनेझुएलातील पारिया द्वीपकल्पाच्या डोंगरांशी नाते सांगतात. पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हल मैदानावरून दिसणारे डोंगर याच रांगेचे. मध्य व दक्षिण रांगा ठेंगण्या असून मध्य रांगेतील टमाना डोंगर चुनखडीचा व वटवाघळांच्या गुहेसाठी प्रसिद्ध आहे.

उत्तर व मध्य रांगांमधील कॅरोनी नदीचे खोरे एकेकाळी उसाच्या मळ्यांनी व्यापलेले होते. १८४५ पासून भारतातून आणलेल्या कंत्राटी मजुरांच्या वस्त्या या सपाटीवर आणि दक्षिणेकडील नापरिमा भागात वाढल्या. नदीच्या मुखाशी कॅरोनीची खारफुटी असून लालभडक आयबिस हा राष्ट्रीय पक्षी तेथे रातथाऱ्याला येतो. पूर्व किनाऱ्यावरील नारिवा ही रामसर करारांतर्गत मान्यता मिळालेली पाणथळ भूमी मॅनटी या सागरी सस्तन प्राण्याचे आश्रयस्थान आहे. माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी नारिवाला अटलांटिकपासून वेगळे करते. या पट्टीवरून जाणारा मांझानिया-मायारो रस्ता नोव्हेंबर २०१४ च्या पुरात अनेक ठिकाणी वाहून गेला.

डांबर, चिखल व तेल : कॅरिबियन व दक्षिण अमेरिकी भूपट्टांची सीमा या प्रदेशातून जाते. कॅरिबियन भूपट्ट दक्षिण अमेरिकेच्या तुलनेत वर्षाला सु. २ सेंमी. पूर्वेकडे सरकतो. या हालचालीने दुमडलेल्या व भेगाळलेल्या थरांतून दक्षिण त्रिनिदादमध्ये तेल, वायू व चिखल वर येतो. ला ब्रेआ येथील डांबराचे सरोवर सु. ४० हेक्टरांवर पसरले आहे. त्याचा बहुतेक पृष्ठभाग माणसाचे वजन पेलतो. मात्र मधले काही भाग मऊ असून घड्यांमध्ये पावसाचे पाणी साचते. १५९५ मध्ये वॉल्टर रॅले यांनी येथील डांबराने जहाजांच्या फटी बुजवल्या. पिपारो येथील चिखलाचा ज्वालामुखी फेब्रुवारी १९९७ मध्ये उसळला आणि घरे व रस्ते चिखलाखाली गेले. दक्षिण किनाऱ्यालगत अशाच उद्रेकांतून १९११, १९६४ व २००१ मध्ये छोटे बेट वर आले आणि लाटांच्या माऱ्याने पुन्हा नाहीसे झाले. देशाची अर्थव्यवस्था मुख्यतः तेल व नैसर्गिक वायूवर उभी आहे.

लहान बेटे : ड्रॅगन्स माउथ्समध्ये मोनोस, ह्युवोस व चाकाचाकारे ही बेटे आहेत; चाकाचाकारेवर १९८४ पर्यंत कुष्ठरुग्णांची वसाहत होती. त्यांच्याजवळच गास्पर ग्रांदे हे चुनखडीच्या गुहांचे बेट आहे. पोर्ट ऑफ स्पेनच्या पश्चिमेकडील नेल्सन बेटावर १८६६ पासून भारतीय मजुरांना जहाजातून उतरवून तपासणीसाठी ठेवले जाई. सर्पंट्स माउथमधील सोल्दादो हा खडक समुद्रपक्ष्यांचे वसतिस्थान आहे.

हवामान व समुद्र : हवामान उष्ण कटिबंधीय आहे. जानेवारी ते मे कोरडा काळ व जून ते डिसेंबर पावसाळा असतो. ईशान्य व्यापारी वारे उत्तर रांगेला अडल्याने तिच्या पूर्व भागात भरपूर पाऊस पडतो, तर पश्चिम किनारा तुलनेने कोरडा राहतो. चक्रीवादळांचा नेहमीचा मार्ग उत्तरेकडून जातो. ओरिनोको नदीचे गाळमिश्रित गोडे पाणी पावसाळ्यात या किनाऱ्यांपर्यंत पसरते. १४९८ मध्ये पारियाच्या आखातातील गोड्या पाण्यावरूनच कोलंबसने जवळ मोठी भूमी असल्याचा अंदाज बांधला होता.

टोबॅगो : त्रिनिदादच्या ईशान्येस सु. ३० किमी. असलेल्या या बेटाचा पाया प्राचीन ज्वालामुखीजन्य व रूपांतरित खडकांचा आहे. ईशान्य भागातून मेन रिज हा डोंगरकणा जातो. नैर्ऋत्येस प्रवाळजन्य सखल भाग, बुकू प्रवाळभित्ती व तिच्या आतील उथळ नायलॉन पूल आहे. ईशान्य टोकाजवळ लिटल टोबॅगो हे पक्ष्यांचे बेट आहे. वनस्पती आणि पाणी यांविषयीच्या स्टीफन हेल्स यांच्या संशोधनाने प्रभावित होऊन ब्रिटिश संसद सदस्य सोम जेनिन्स यांनी पाठपुरावा केला आणि १७७६ मध्ये पाऊस टिकावा या हेतूने मेन रिजचे जंगल कायद्याने राखून ठेवण्यात आले. पश्चिम गोलार्धातील सर्वांत जुन्या संरक्षित वनांत त्याची गणना होते. १९६३ च्या फ्लोरा चक्रीवादळाने हे जंगल झोडपले. संरक्षण कायम राहिल्याने ते पुन्हा वाढले. त्रिनिदादच्या उत्तर रांगेत मात्र दगडखाणी, वणवे व उतारांवरील बांधकामांमुळे माती वाहून कॅरोनीच्या सपाटीवरील पूर वाढतात. डोंगरावरचे झाड आणि खालचे पाणी यांचा जो संबंध टोबॅगोत अडीचशे वर्षांपूर्वी कायद्यात उतरला, तोच त्रिनिदादमध्ये जपणे हे या देशापुढील मोठे काम आहे.