तीनपैकी दोनच : छोट्या सबवूफरची जुनी गोष्ट

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. नवा फ्लॅट घेतलाय, हॉल बारा बाय दहाचा. टीव्ही लागला, स्पीकर आले, आता सबवूफर घ्यायचाय. म्हणाला, ‘‘मामू, छोटा हवा, सोफ्याच्या बाजूला बसेल एवढा. पण आवाज थिएटरसारखा घुमला पाहिजे.’’

मी काही इंजिनियर नाही, भाषा शिकवणारा मास्तर आहे. पण रेडिओ आणि टेपरेकॉर्डर उघडून बघण्याची खोड लहानपणापासूनची. त्याला म्हटलं, ‘‘दुकानात जायच्या आधी या डब्याचा इतिहास ऐकून घे. तू जे मागतोयस ते शंभर वर्षांपासून लोक मागत आलेत आणि दर वेळी त्याची किंमत कुणीतरी मोजली आहे.’’

आधी नावाचं बघू. बारीक, चढ्या आवाजाचा स्पीकर तो ‘ट्वीटर’, म्हणजे पाखरासारखा चिवचिवणारा. जाड आवाजाचा तो ‘वूफर’, कुत्र्याच्या भुंकण्यावरून आलेला शब्द. आणि वूफरच्याही खालचा खर्ज काढतो तो सबवूफर. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून पुढचं ऐकतो. एका सेकंदात हवा वीस वेळा हलली की २० हर्ट्झ. सबवूफरचं राज्य साधारण २० ते ८० हर्ट्झपर्यंत. ढगांचा गडगडाट, भूकंप, इंजिनाची घरघर हे सगळं तिथलं.

या राज्यात दोन अडचणी आहेत. पहिली आपल्या कानाची. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की खालचे स्वर ऐकू यायला हवेचा दाब कितीतरी जास्त लागतो. म्हणजे खर्ज काढायचा तर खूप हवा ढकलावी लागते. दुसरी अडचण स्पीकरची. आज आपण वापरतो त्या पद्धतीचा, तारेच्या गुंडाळीने कागदी पडदा हलवणारा स्पीकर राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीत असताना मांडला. हा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. खालच्या स्वरांत या दोन लाटा वळसा घालून एकमेकींना गाठतात आणि आवाज मरतो. म्हणून स्पीकरला पेटी लागते. पेटी मागची लाट कोंडून ठेवते.

पण कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. पेटी लहान केली की ही स्प्रिंग कडक होते, पडद्याला मनासारखं हलू देत नाही आणि खर्ज हरवतो. त्या काळात यावर उपाय एकच होता, पेटी मोठी करा. १९४६ मध्ये पॉल क्लिप्श यांनी खोलीच्या कोपऱ्यात बसणारा क्लिप्शहॉर्न बाजारात आणला. तो चार फुटांहून उंच होता आणि दोन भिंतींचा भोंग्यासारखा उपयोग करून घ्यायचा. थोड्या वॅटमध्ये घर हलायचं, पण खोलीचा एक कोपरा त्याच्या नावावर करावा लागे. पहिली किंमत मोजली ती जागेने.

हे चित्र बदललं एका शिक्षकाने. एडगर विल्चर यांचं शिक्षण कलेच्या इतिहासाचं. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करात इलेक्ट्रॉनिक्सचं काम शिकले आणि पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनीवरचा वर्ग घेऊ लागले. त्यांनी प्रश्न उलटा फिरवला. पेटीतली हवा स्प्रिंग होतेच आहे, तर तिलाच स्प्रिंगचं काम का देऊ नये? त्यांनी पडद्याची स्वतःची स्प्रिंग अगदी ढिली केली आणि पेटी हवाबंद केली. आता पडद्याला जागेवर आणायचं काम आतली हवा करू लागली आणि तेही धातूच्या किंवा कापडी स्प्रिंगपेक्षा जास्त सरळपणे. विद्यार्थी हेन्री क्लॉस याला सोबत घेऊन त्यांनी १९५४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथे अकॉस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. त्यांचा एआर-१ हा स्पीकर जेमतेम दोन फूट लांबीचा, पण त्यातला खर्ज कपाटाएवढ्या पेट्यांना लाजवणारा होता.

१९५८ मध्ये स्टीरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या. आता घरात एकाऐवजी दोन स्पीकर हवे झाले आणि छोट्या पेटीचं नशीब उघडलं. विल्चर यांच्या पेटंटला दुसऱ्या कंपनीने कोर्टात आव्हान दिलं, निकाल विरोधात गेला आणि त्यांनी पुढे अपील केलं नाही. मग जो तो ही पेटी बनवू लागला. आज आपल्या घरातल्या बंद पेटीच्या सबवूफरचा खापरपणजोबा हाच.

मग प्रश्न सुटला का? नाही. एआर-१ ला आधीच्या स्पीकरपेक्षा बराच ताकदवान अ‍ॅम्प्लिफायर लागायचा. हे असं का होतं, ते हेन्री क्लॉस यांच्याच पुढच्या कंपनीतले भागीदार अँटन हॉफमन यांनी नियमात बांधलं. ध्वनीच्या धंद्यात त्याला ‘हॉफमनचा लोखंडी नियम’ म्हणतात. छोटी पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तीनपैकी दोनच मिळतील. तिसरं सोडावं लागेल. गणितही साधं आहे. पेटी निम्मी केली की त्याच खोलीच्या खर्जासाठी स्पीकरची कार्यक्षमता निम्मी होते. पेटी तीच ठेवून ४० हर्ट्झऐवजी २० हर्ट्झ मागितले, तर कार्यक्षमता एक अष्टमांशावर येते. दुकानदार काहीही सांगो, हा नियम कुठल्याही ब्रँडने मोडलेला नाही.

मधल्या काळात सिनेमाने भूक वाढवली. नोव्हेंबर १९७४ मध्ये ‘अर्थक्वेक’ प्रदर्शित झाला. युनिव्हर्सल कंपनीने त्यासाठी सेन्सराउंड नावाची यंत्रणा थिएटरांत बसवली. पडद्यावर भूकंप झाला की प्रेक्षकांच्या खुर्च्या थरथरत. हॉलिवूडच्या प्रसिद्ध चायनीज थिएटरमध्ये छताचं प्लास्टर डोक्यावर पडू नये म्हणून वर जाळी बांधावी लागली. जिथे एका इमारतीत दोन-तीन पडदे होते, तिथे शेजारच्या सिनेमातल्या शांत प्रसंगात भिंतीतून भूकंप येई. (पुढच्याच वर्षी आपल्याकडे मिनर्व्हात ७० मिलिमीटर पडद्यावर ‘शोले’ लागला आणि स्टीरिओफोनिक आवाज काय असतो ते मुंबईकरांना कळलं.) १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’सोबत डॉल्बी डिजिटल आलं आणि खर्जाला स्वतःची वेगळी वाट मिळाली. ‘५.१’ मधला ‘.१’ तो हाच. पुढे डीव्हीडीने तो घरात आणला.

घरातली जागा मात्र वाढली नव्हती. मग बॉब कार्व्हर या अमेरिकन इंजिनियरने हॉफमनच्या नियमाशी उघड सौदा केला. नव्वदच्या दशकाच्या मध्यात त्याच्या सनफायर कंपनीने साधारण अकरा इंचाचा चौकोनी सबवूफर आणला आणि आत अ‍ॅम्प्लिफायर होता २,७०० वॅटचा! छोटी पेटी घेतली, खोल खर्ज घेतला आणि कार्यक्षमता सोडून दिली. दुसऱ्यांदा किंमत मोजली ती विजेने. आजचे सगळे छोटे सबवूफर याच वाटेने चालतात.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं आणि मग त्याच्या हॉलकडे वळलो. बारा फूट लांबीच्या खोलीत साधारण ४७ हर्ट्झला आवाज स्वतःच फुगतो, कारण त्या स्वराची अर्धी लाट नेमकी दोन भिंतींत मावते. त्याखाली बंद खोली खर्जाला थोडा हात देते. म्हणून लहान खोलीत बंद पेटीचा सबवूफर शोभतो, कारण त्याचा आवाज खाली जाताना हळूहळू उतरतो. भोक असलेल्या पेटीचा आवाज एका हद्दीपर्यंत जोरात येतो आणि मग कड्यावरून पडल्यासारखा संपतो. वॅटचे आकडे बघून भुलू नकोस, किती हर्ट्झपर्यंत उतरतो ते विचार. आणि जागा ठरवायची तर सबवूफर थोडा वेळ सोफ्यावर, तुझ्या बसायच्या जागी ठेव, गाणं लाव आणि भिंतीच्या कडेने रांगत फिर. जिथे खर्ज सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल, तिथे तो ठेव.

तो हसला. मी म्हटलं, ‘‘तिसरी किंमत अजून सांगितलीच नाही. ती तू मोजणार नाहीस, भिंतीपलीकडचे मोजतील.’’

चार इंची भिंत बोलणं अडवते, खर्ज अडवत नाही. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते, तिला आपली भिंत म्हणजे चादर. त्यात गंमत अशी की कायद्याचं मोजमापही इथे कमी पडतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ती ‘ए’ वजनाच्या डेसिबलमध्ये मोजतात. हे वजन आलं फ्लेचर-मन्सन यांच्या आलेखातून, हळू आवाजांच्या हिशोबाने. त्यात ५० हर्ट्झचा आवाज मीटर सुमारे ३० डेसिबल कमी धरतं. म्हणजे शेजारच्या आजींची छाती धडधडत असेल आणि मीटर म्हणेल, सगळं ठीक आहे. अशा वेळी शेजाऱ्याचा हक्क मीटरवर सोपवून चालत नाही, तो आपल्यालाच ओळखावा लागतो.

हॉफमनच्या तीनांपैकी काय सोडायचं, याचं उत्तर आपल्या घरांपुरतं मला सोपं वाटतं. पेटी छोटी घ्या, खर्ज खोल घ्या आणि मोठा आवाज सोडा. बारा बाय दहाच्या खोलीत त्याची गरजही नसते. सबवूफर जमिनीपासून वेगळा राहील असे रबराचे किंवा फोमचे पाय लावा आणि रात्रीचा ‘नाइट मोड’ वापरा.

भाच्याने शेवटी दहा इंची, बंद पेटीचा घेतला. पहिल्या संध्याकाळी त्याने शेजारच्या काकांना चहाला बोलावलं, त्यांच्याच घरात उभं राहून आवाज ऐकला आणि व्हॉल्यूमच्या बटणावर पेन्सिलने एक खूण केली. रात्री नऊनंतर त्या खुणेच्या पुढे जायचं नाही, असं दोघांचं ठरलंय.